आधी चित्र, मग भिंत

बालमित्रांनो, आज एक गमतीदार गोष्ट सांगते. गोष्ट अगदी खरी आहे बरं का!

२ डिसेंबर १९११. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी बोटीतून मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या भेटीची आठवण म्हणून समुद्रकाठी एक भव्य दगडी कमान उभारायचं ठरलं होतं. तीच आपली 'गेटवे ऑफ इंडिया'. तुमच्यापैकी काहींनी ती सहलीत पाहिली असेल, तिच्यासमोर उभं राहून फोटोही काढला असेल. पण ज्या राजासाठी ती बांधायची, त्याला त्या दिवशी काय पाहायला मिळालं असेल? पुठ्ठ्याची प्रतिकृती! खऱ्या कमानीचं बांधकाम तेव्हा सुरूसुद्धा झालं नव्हतं. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाचा अंतिम आराखडा मंजूर व्हायला १९१४ साल उजाडलं, आणि कमान सर्वांसाठी खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे राजा येऊन गेल्यावर तब्बल तेरा वर्षांनी!

हसू आलं ना? पण त्या पुठ्ठ्याला हसू नका. जे अजून जमिनीवर नाही, ते डोळ्यांना दाखवायचं काम त्याने केलं. हेच काम कागदावर चित्र काढूनही करतात. वर्तमानपत्रात कधी कधी एखाद्या सुंदर इमारतीचं चित्र येतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'नियोजित इमारतीचे संकल्पचित्र'. आपल्या शिरपुरात करवंद नाक्याकडे जा, नाहीतर आग्रा रोडने जा, कुठेतरी बांधकामाच्या जागेवर पत्र्याचं कुंपण दिसतं आणि त्यावर मोठा रंगीत फलक. आत नुसते खड्डे आणि लोखंडी सळया, पण फलकावर मात्र इमारत पूर्ण होऊन उभी! ही चित्रं काढतात तरी कशासाठी? केवळ शोभेसाठी? चला, पाहू या.

पपई कापून पाहा

घर बांधायचं म्हटलं की पहिल्यांदा नकाशा काढतात. हा नकाशा एकच नसतो, निदान तीन प्रकारचे असतात. ते समजायला आपल्या शिरपूर परिसरात भरपूर पिकणारी पपई घ्या.

पपई टेबलावर आडवी ठेवा आणि बरोबर डोक्यावरून खाली पाहा. जे दिसेल ते वरून दिसणारं चित्र. घराच्या बाबतीत याला 'प्लॅन' म्हणतात. फरक एवढाच, की घराचा प्लॅन काढताना छप्पर काढून टाकलं आहे असं समजायचं, म्हणजे खोल्या, दारं, खिडक्या कुठे आहेत ते दिसतं. आता टेबलासमोर गुडघे टेकून पपईकडे सरळ पाहा. हे समोरून दिसणारं चित्र म्हणजे 'एलेव्हेशन'. आणि आता आईकडून पपई उभी मधोमध कापून घ्या. आतली पोकळी, बिया, गराची जाडी, सगळं एकदम उघडं पडलं की नाही? हा झाला 'सेक्शन', म्हणजे छेद. घराचा छेद पाहिला की पाया किती खोल, जोतं किती उंच, जिना कसा चढतो, स्लॅब किती जाडीचा, हे कळतं.

ही तिन्ही चित्रं मापात काढलेली असतात. १:१०० असं लिहिलं असेल तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ मीटर. मिस्तरी याच नकाशावरून जागेवर दोरी लावतो, चुन्याची फक्की टाकून आखणी करतो, गुण्या लावून काटकोन तपासतो आणि ओळंबा सोडून भिंत सरळ आहे ना ते पाहतो.

मग एवढे नकाशे असताना आणखी रंगीत चित्राची गरज काय?

गरज अशी, की नकाशा वाचणं ही एक भाषा आहे आणि ती सगळ्यांना येत नाही. आजीला प्लॅन दाखवा. ती चष्मा पुसेल, कागद उलटासुलटा करेल आणि म्हणेल, "बाळा, यात माझं देवघर कुठंय?" तिचं काही चुकत नाही. कुणीही माणूस आपल्या घराकडे आकाशातून पाहत नाही. आपण जमिनीवर उभे राहून पाहतो. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान दिसतं. आग्रा रोडच्या कडेला उभे राहून सरळ दूर पाहा. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जाता जाता जवळ येतात आणि शेवटी एका बिंदूत मिळाल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात रस्ता कुठेच अरुंद झालेला नसतो. आपले डोळेच असं पाहतात. डोळ्यांची ही रीत नियमात बसवून कागदावर कशी उतरवायची, हे पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने दाखवून दिलं. या पद्धतीला 'पर्स्पेक्टिव्ह' किंवा यथार्थदर्शन म्हणतात. संकल्पचित्र याच पद्धतीने काढतात. त्यामुळे ते आजीलाही कळतं, सरपंचांनाही कळतं आणि पहिलीतल्या बाळालाही कळतं.

स्टेशन आधी लंडनला पोहोचलं

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तुम्हाला माहीत आहेच. पूर्वीचं नाव व्हिक्टोरिया टर्मिनस. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये नावात 'महाराज' हा शब्द आला. २००४ मध्ये युनेस्कोने या इमारतीला जागतिक वारशाचा मान दिला.

या स्टेशनचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी युरोपात जाऊन तिथली मोठमोठी स्टेशनं पाहून घेतली. १८७८ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. पण त्याच १८७८ साली ॲक्सेल हेग या मूळच्या स्वीडनच्या चित्रकाराने या इमारतीचं एक मोठं जलरंगातलं चित्र काढलं. घुमट, कमानी, मनोरे, सगळं काही त्यात होतं. १८८० मध्ये हे चित्र लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागलं. म्हणजे पाहा, मुंबईकरांना पूर्ण झालेलं स्टेशन दिसायला १८८८ साल यावं लागलं, आणि लंडनच्या लोकांनी ते आठ वर्षं आधीच पाहून घेतलं!

रेल्वे कंपनीचे पैसे, शेकडो कारागीर, दहा वर्षांचं काम. एवढा पसारा मांडायचा तर आपण नेमकं काय बांधतोय, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायला नको का? अशा चित्राने ते काम होतं.

त्याच काळातली दुसरी इमारत म्हणजे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने देणगी दिली, म्हणून हे नाव. या मनोऱ्याचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडमध्ये राहत, आणि ते भारतात कधी आलेच नाहीत! त्यांनी तिकडे बसून चित्रं आणि नकाशे काढले, ते मुंबईला आले आणि इथल्या लोकांनी त्यावरून मनोरा उभा केला. जागेवरच्या कामात मुकुंद रामचंद्र या आपल्या अभियंत्याचा मोठा हात होता. १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला, उंची सुमारे ८५ मीटर. आपल्याकडच्या नारळाच्या चार उंच झाडांना एकावर एक उभं केलं तर साधारण तेवढी! हजारो मैलांवरच्या माणसाच्या मनातलं इथल्या पाथरवटाच्या छिन्नीपर्यंत पोहोचलं ते कागदावरून. कागद स्पष्ट नसता तर काय झालं असतं, कल्पना करा.

उलट्या हॉटेलची दंतकथा

कागद नीट वाचला नाही तर काय होतं, याचीही एक गोष्ट मुंबईत सांगतात. गेटवेसमोरचं ताजमहाल हॉटेल म्हणे उलटं बांधलं गेलं. वास्तुविशारद परगावी गेला, परत येऊन पाहतो तर काय, हॉटेलचं तोंड समुद्राकडे हवं होतं ते शहराकडे आणि पाठ समुद्राकडे!

गोष्ट चटकदार आहे, पण खरी नाही. या हॉटेलचे पहिले वास्तुविशारद होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झालं. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं हे खरं, पण ते तसं ठरवूनच केलेलं होतं. घोडागाड्या शहराकडूनच यायच्या ना!

मग ही दंतकथा शंभर वर्षं टिकली कशी? कारण प्रत्येकाच्या मनात ती धाकधूक असते. आपण सांगितलं एक आणि बांधणाऱ्याने बांधलं भलतंच, असं झालं तर? घर बांधणाऱ्या कोणत्याही बाबांना विचारा, ते मान डोलावतील. प्लॅन उलटा धरला तर चटकन कळत नाही. पण ज्या चित्रात एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला रस्ता, त्यात उलटं काय नि सुलटं काय, हे लहान मूलही सांगेल.

चित्र नसलं की काय होतं?

आता मुंबईहून पुण्याला जाऊ. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी केली. पुढे त्यात भर पडत गेली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. आज उरलाय तो दिल्ली दरवाजा, तटबंदी, बुरूज आणि आतली जोती. आतले मजले, लाकडी खांब, कोरीव छतं पूर्ण कशी दिसत होती, हे सांगताना जाणकारांना जुनी वर्णनं आणि उरलेला पाया यांवरून अंदाज बांधावा लागतो.

पण वाड्यातल्या गणेश दरबाराचं एक चित्र आहे. १७९० मध्ये तिथे इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट आणि पेशवे यांच्यात तह झाला. त्या प्रसंगाचं मोठं चित्र थॉमस डॅनियल या चित्रकाराने १८०५ मध्ये पूर्ण केलं. ते चित्र आहे म्हणून तो दरबार आपण आज थोडाफार पाहू शकतो.

आपल्या तालुक्यातल्या थाळनेरला तापीकाठी फारुकी राजांचे मकबरे आहेत, पडका किल्ला आहे. तिथे गेलात तर एका जागी बसा आणि पडलेल्या भिंती पूर्ण करून चित्र काढायचा प्रयत्न करा. मग समजेल, उभं नसलेलं डोळ्यांसमोर आणणं किती अवघड आणि किती मौजेचं काम आहे!

पाटीवर पुसता येतं, भिंतीत नाही

आता आपल्या कामाचं बोलू. समजा, तुमच्या शाळेला दोन नवीन वर्गखोल्या मंजूर झाल्या. बांधायला सुरुवात होण्याआधी चित्र तुमच्यासमोर ठेवलं, तर तुम्ही काय पाहाल? "रंग छान आहे", एवढंच? नाही! हे प्रश्न विचारा.

खिडक्या कोणत्या दिशेला आहेत? खान्देशातला मे महिना आपल्याला नवा नाही. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला असतील आणि त्यांच्यावर पुरेसं छज्जं नसेल, तर दुपारनंतर ऊन थेट बाकांवर येणार. आपले जुने लोक धाब्याची घरं बांधत. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, लहान झरोके. उन्हाळ्यात आत गारवा असे. त्यांच्याकडे रंगीत चित्र नव्हतं, पण सूर्य कुठून येतो हे त्यांना पाठ होतं.

पायऱ्यांच्या बाजूला उतार, म्हणजे रॅम्प आहे का? चाकाच्या खुर्चीवर बसणारा मित्र वर्गात कसा येईल? फळ्यावर खिडकीचा उजेड पडून तो चकाकणार तर नाही? छपरावरचं पावसाचं पाणी कुठे जाईल, खेळाच्या मैदानावर डबकं तर होणार नाही? मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे, तिथे जायला वाट नीट आहे का? अंगणातलं निंबाचं झाड चित्रात आहे, की गायब झालंय?

हे प्रश्न चित्रावर विचारले तर उत्तर द्यायला फक्त रबर आणि पेन्सिल लागते. तेच प्रश्न भिंत उभी राहिल्यावर विचारले तर पहार, घमेलं आणि पैसे लागतात. पैसे नसले तर चूक तशीच राहते. मग पुढची चाळीस वर्षं प्रत्येक वर्गातली मुलं दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून फळा वाचतात. चित्र पाहायला एक तास लागतो आणि न पाहिल्याची शिक्षा चाळीस वर्षं चालते.

पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. याच कायद्यात शाळेच्या इमारतीत अडथळ्याविना प्रवेश आणि मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहं असावीत, असंही सांगितलं आहे. तेव्हा बैठकीत "नवीन खोल्यांचं चित्र आणि नकाशा दाखवा" असं म्हणायला संकोच करू नका. गावात समाजमंदिर, अंगणवाडी, व्यायामशाळा काहीही व्हायचं असो, ग्रामसभेत हाच प्रश्न विचारता येतो.

चित्रही फसवू शकतं!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चित्र काढणाऱ्याच्या हातात ब्रश असतो, आणि ब्रशला कोणी अडवत नाही. फलकावरच्या चित्रात आभाळ नेहमी निळंभोर असतं. रस्ता रुंद आणि रिकामा. विजेचा खांब नाही, तारा नाहीत, शेजारची इमारत नाही. झाडं मात्र वीस वर्षांची झालेली! कधी चित्रातली माणसं मुद्दाम लहान काढतात, म्हणजे इमारत मोठी वाटते.

म्हणून चित्र पाहताना आधी माणूस शोधा. त्याची उंची साधारण दीड-पावणेदोन मीटर धरा आणि दार त्याच्याशी ताडून पाहा. दार माणसाच्या तिप्पट उंच दिसलं, तर दाल में काला है! मग सावली पाहा. ती कोणत्या बाजूला पडली आहे? उत्तरेकडून ऊन आलेलं दाखवलं असेल तर चित्रकाराने बहुधा दिशा पाहिलेलीच नाही. शेवटी चित्र आणि मापाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा. चित्रात बाग आहे, नकाशात त्याच जागी पार्किंग आहे, तर खरं काय? खरा तो मंजूर झालेला नकाशा.

घर विकत घेणाऱ्या पालकांसाठी कायद्यानेही सोय केली आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, ज्याला आपण रेरा म्हणतो, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बांधणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. म्हणून फ्लॅट घेताना ते रंगीत माहितीपत्रक रद्दीत टाकू नका, जपून ठेवा.

आता ही चित्रं बहुतेक संगणकावर होतात. कुंचल्याने महिनाभर चालणारं काम आता बरंच लवकर होतं, आणि पडद्यावर इमारतीच्या आतून फिरूनही पाहता येतं. पण साधन बदललं तरी प्रश्न तेच राहिले: ऊन कुठून येईल, पाणी कुठे जाईल आणि आजीचं देवघर कुठे असेल?

ज्यांना चित्रकला आणि गणित दोन्ही आवडतं, त्यांच्यासाठी तर हा रस्ता मोकळा आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा देता ना? त्यातली भूमिती कंटाळवाणी म्हणून टाळू नका, तिच्यातूनच पुढे हे सगळं सुरू होतं. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड असतो. बारावीनंतर आर्किटेक्चरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो.

करून पाहा

या रविवारी एक काम करा. मोजपट्टी घेऊन आपल्या घरातली एक खोली मोजा. लांबी, रुंदी, दाराची आणि खिडकीची जागा वहीत टिपा. आलेख कागदावर १ मीटरला २ सेंटिमीटर धरून प्लॅन काढा. उत्तर दिशा बाणाने दाखवा. मग दारात उभे राहा आणि खोली जशी दिसते तशी यथार्थदर्शनात काढा. समोरच्या भिंतीचा चौकोन आधी, मग चारही कोपऱ्यांतून पुढे येणाऱ्या रेषा.

झालं? आता त्याच चित्रात तुम्हाला हवा असलेला एक बदल करा. अभ्यासाचं टेबल खिडकीजवळ आणा, नाहीतर आजीच्या खाटेजवळ एक झरोका काढा. चित्र घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि त्यांचं म्हणणं ऐका. कोणीतरी नक्की म्हणेल, "अरे, पण तिथे दार उघडलं की टेबलाला आपटेल!"

मग रबर घ्या आणि टेबल थोडं सरकवा.